ज्याला खोकला, तो मागे

पाळकीणबाईंनी औषधांच्या पेटीवर गुडघा रोवून दोरी आवळली, तेवढ्यात आतल्या खोलीतून दबका आवाज आला. त्यांनी दोरी तशीच सोडली. आत जाऊन बघतात तर लेक उशीत तोंड खुपसून खोकत होती.

"कधीपासून गं, चिमणे?"

"खोकला नाहीये. पाणी पिताना ठसका लागला."

निम्मं आयुष्य इस्पितळात परिचारिका म्हणून घालवलेल्या बाईला ठसका कुठला आणि खोकला कुठला हे भिंतीपलीकडूनही कळतं. त्यांनी मुलीच्या पाठीला कान लावला. आत चांगली घरघर होती.

आपल्याकडे पडसं म्हणजे काय, चार दिवस नाक गळतं आणि माणूस विसरून जातो. पण ते आज जिथं निघाले होते, त्या जंगलातल्या वस्तीवरच्या माणसांच्या अंगाला त्याची सवयच नाही. गेल्या वर्षी चर्चचे पाळक, बाई आणि चिमणी तिथं सेवा करून, प्रार्थना करून परत आली आणि मागे पडसं ठेवून आली. पाळकांना तिथली भाषा शिकवणारी म्हातारी त्यात गेली. तिच्या सुनेचं तान्हं गेलं. वायरलेसवर बातमी आली त्या दिवशी पाळकांच्या घशाखाली घास उतरला नाही. मग त्यांनीच नियम केला, ज्याला खोकला, तो मागे, आणि वस्तीवर जाणारं छोटं विमान सुटतं त्या धावपट्टीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःच्या हातानं कागदावर लिहून चिकटवला.

ते पडसं चिमणीचं होतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एवढ्याशा पोरीच्या डोक्यावर असला धोंडा ठेवायचा तरी कसा? ती बिचारी वर्षभर तिथल्या मैत्रिणीसाठी रंगीत फिती जमवत बसली होती.

बाई बाहेर आल्या. पाळक पाणी गाळायची भांडी गोणपाटात गुंडाळत होते.

"अहो, चिमणीला खोकला आहे. आपण नंतर जाऊ या."

"नंतर कधी? नदी चढली की तिथली धावपट्टी पाण्याखाली, मग पुढच्या वर्षापर्यंत तिकडे कोण फिरकतंय? पोरं गढूळ पाणी पिऊन आजारी पडताहेत तिथं." त्यांनी दाराकडे पाहिलं. "काय गं चिमणे, खोकला आहे का तुला?"

चिमणीनं जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"धूळ आहे, दुसरं काय. माळ्यावरून सामान काढल्यापासून मीही खाकरतोय."

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर कडाकडा भांडता तरी आलं असतं. त्याला जायचं होतं, म्हणून त्याला धूळ दिसत होती, एवढंच. बाईंनी पुन्हा दोरी हातात घेतली.

धावपट्टीवर वैमानिकानं सामानाचं वजन केलं, मग माणसांचं. तरुण पोरगा, कामाला चोख.

"सर्दी-खोकला कुणाला?"

"कुणाला नाही," पाळक म्हणाले. चिमणीनं ओठ घट्ट मिटले होते. गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या.

खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात. पाळकीणबाईंना रेटणं सोडाच, खोटंच कधी जमलं नव्हतं. पण औषधं देणारी बाईच नसेल तर फेरी कसली, असा त्यांनी हिशेब केला.

"मला आहे," त्या म्हणाल्या, आणि इस्पितळात जन्मभर ऐकलेला खोकला त्यांनी पोटापासून काढला.

वैमानिक दोन पावलं मागे सरला. "मग बाई, तुम्हाला नेता यायचं नाही."

"म्हणजे फेरी रद्दच."

पाळकांचा चेहरा उतरला. क्षणभरच. "रद्द कशाला? तू प्रत्येक पुडीवर लिहूनच ठेवलंयस ना, कुठलं कशाचं ते. मी देईन. तू घरी जाऊन पडून राहा."

आपल्याच हातानं केलेलं नीटनेटकं काम असं अंगाशी आलं होतं.

"अहो, मला काही झालेलं नाही. मी उगाच खोकले. खोकला चिमणीला आहे."

वैमानिक खाली बसला. "बाळा, मोठा श्वास घे बघू."

चिमणीनं श्वास घेतला, धरला, हळूहळू सोडला. डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज आला नाही.

"बघा बाई." तो समजुतीनं हसला. "आईचा जीव आहे, मला कळतं. पण नियम तुमच्याच घरचा आहे."

त्यांनी लेकीचं मनगट पकडलं. चिमणीनं हिसडा दिला.

"तुला जाता येत नाही म्हणून मलाही अडवतेस," ती पुटपुटली. पाळकांनी बायकोची बोटं एकेक करून सोडवली, अगदी हळुवार.

इंजिन सुरू झालं. बाई विमानामागे धावत काहीतरी ओरडत होत्या, त्यांचं त्यांनाच ऐकू येत नव्हतं. खिडकीतून चिमणीनं फितींचा झुपका हलवला. मग ती आत वळली आणि तिचे खांदे गदागदा हलू लागले.

पाळकांनी तिला जवळ ओढलं आणि ते तिच्या पाठीवरून हात फिरवू लागले. आईवाचून पहिल्यांदाच जातेय, रडू यायचंच, असं त्यांना वाटलं असणार.