पुट ऑफ केलेला हापसा

मित्रांनो, दूध सोसायटीच्या दारातला हापसा बोलतोय. जुना आहे आणि चिडलेलाही आहे. मला बसवलं तेव्हा नारळ फुटला होता. नारायणगडाला पायी निघालेली माणसं माझं पाणी पिऊन "लई गोड हाय" म्हणायची आणि मी सुखावून जायचो.

मग दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. माझ्या तळाशी पाणी होतं, पण आतला चामड्याचा वायसर झिजला आणि दांडा नुसताच खालीवर व्हायला लागला. एवढासा वायसर! बदलायला एक सकाळ पुरे.

सोसायटीला दूध घालणाऱ्या साखराबाईची म्हैस माझ्याच पाण्यावर तगून होती. साखराबाई सोसायटीचे चेअरमन सुंदरराव यांच्याकडे गेली.

"चेरमनसाब, वायसर बसवा. न्हाईतर आयतवारी म्हस बाजारात न्यावी लागंल."

"सभंत घेऊ की. कावून घाई करती?"

सोसायटीच्या ओसरीवर धोंडीराम गुरुजी पोरांना इंग्रजी शिकवत. त्या आठवड्यात 'पुट ऑफ' चाललं होतं. "पुट ऑफ म्हंजी पुढं ढकलणं. रद्द करणं न्हवं, काम तसंच ऱ्हातं. आन् कवापर्यंत ढकललं ते बी सांगायचं. पुट ऑफ टिल मंडे, सोमवारपर्यंत." पोरांनी वाक्यांत परीक्षा ढकलली, लग्न ढकललं. मी मनात म्हटलं, अरे, उदाहरणाला इतकं लांब कशाला जाता? समोर मी उभा आहे की!

शुक्रवारी सभा होती. साखराबाई सगळ्यांच्या आधी आली. पुरेशी माणसं जमली नाहीत, म्हणून सुंदरराव म्हणाले, "सभा तहकूब." तिला वाटलं, आता सभा आणखी कुठल्यातरी दिवशी भरणार. धार काढायची होती, ती घरी गेली. अहो, सोसायटीच्या नियमात तहकूब सभा अर्ध्या तासाने तिथंच भरते आणि मग कितीही माणसं चालतात! हे तिला कुणी सांगितलंच नाही. चहा झाला, सभा भरली, ठराव पटापट मंजूर झाले. वायसराची पाळी आली तेव्हा सुंदरराव म्हणाले, "साखराबाई हजर न्हाईत. पुढच्या सभेला घेऊ." मी ओरडायला हवं होतं. पण हापशाचं तोंड फक्त पाण्यापुरतं.

रविवारी म्हैस विकली गेली.

वायसर पुढच्या महिन्यात बसला. पहिला हंडा साखराबाईनेच भरला आणि सवयीने शेजारी जनावरांच्या दोणीत ओतला. मग रिकामा हंडा घेऊन दोणीकडे बघत राहिली. मला असा संताप आला, की काय सांगू! आणि रडूही आलं.

मित्रांनो, हापसा कुरकुरला की त्याच दिवशी उघडून बघा. आणि कुणी "पुढं बघू" म्हणालं, तर तारीख घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.