बियाला लागलेला गंज

नीलाचं गंजाशी हाडवैर होतं. चाकणच्या कंपनीत ती क्वालिटीला होती, आणि बेअरिंगवर मोहरीएवढा तांबूस ठिपका दिसला तरी अख्खा ट्रे परत पाठवायची. तिला अडवायची सुपरवायझरची काय बिशाद!

अशा बाईच्या हाती तिच्या वडिलांनी, कोंडीरामआबांनी, बियाणं सोपवलं. लाल कुसळाचं भात. शेत कंपन्यांखाली गेलं तेव्हा आबांनी ओंजळभर वाचवून आणलं होतं आणि थेरगावच्या गच्चीवर पिंपांत दरसाल पिकवलं होतं. आता ते दुसरीकडे कुठंच उरलं नव्हतं. यंदा दिवाळीच्या सुमारास कापणी होताच नीलाने ते मशीनचे पार्ट बांधावेत तसं बांधलं. हवाबंद पिशव्या, आत ऑक्सिजन शोषणारी पुडी. वर आल्यागेल्याला कौतुकाने दाखवलंही.

उन्हाळा सरत आला, पेरणीच्या रोहिणी लागल्या. आबांनी एक पिशवी फोडून बी भिजवलं, ओल्या गोणपाटात दडपलं. मोड काही येईनात. आबा रोज गोणपाट उघडायचे आणि गुमान झाकायचे.

"मेलं," शेवटी ते म्हणाले. "ऱ्हायलेल्या पिशवीला हात लावू नगं तू."

नीलाच्या ते जिव्हारी लागलं. तिने विजयश्रीला फोन लावला. ही तिची शाळेपासूनची मैत्रीण, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी. सगळं ऐकून विजयश्री हसतच सुटली.

"मेलं नाही गं, झोपलंय. नवं भात झोपेतच असतं. कणगीत पडल्या पडल्या हवा खातं. त्या ऑक्सिजनचे आत तिखट रेणू होतात, ते झोपेची कुलपं तोडतात. फार झाले तर बी मरतं, अजिबात नसले तर उठतच नाही. तू तर हवाच काढून घेतलीस, बाई."

"म्हणजे बियाला गंज लागतो?"

"थोडासा लागतोच. जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड आहे ना घरात? तोही तसलाच तिखट रेणू. पाण्यात अगदी थोडं घाल, बी भिजव, मग स्वच्छ धू."

नीला गच्चीवर गेली. "आबा, मेलेलं बी तरी माझं ना?"

आबांनी हात झटकला. तिने गोणपाटातलं बी त्या पाण्यात ओतलं. दाण्यांवर बारीक बुडबुडे धरले, तसे आबा उठून उभे राहिले.

"जळंल की ते!"

"मेलेलं कसं जळेल?"

आबा पाण्यावर वाकून बघू लागले. जन्मभर जे पुसलं, तेच आज नीला आपल्या हाताने ओतत होती. मग तिने बी स्वच्छ धुऊन पुन्हा गोणपाटात दडपलं.

पुढे एका दुपारी ती पहिली पाळी करून आली, तर आबा गोणपाट उघडं टाकून त्याच्यापुढे मांडी घालून बसलेले. दाण्यादाण्याला पांढरं टोक फुटलं होतं. नीलाने एक दाणा उचलून तळहातावर घेतला. तिला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना.

आबा आत गेले आणि राहिलेली पिशवी आणून त्यांनी तिच्या हातात दिली.

"फोड," ते म्हणाले. "ह्यालाबी लागू दे तुज्या हातचा गंज."