आखूड मानेचा जिराफ

माझ्या दादाने माझा केसाने गळा कापला, आणि वर म्हणतो, तुझ्या भल्यासाठीच केलं.

आमचा धंदा संग्रहालयांसाठी प्राणी बनवायचा. लोखंडी सांगाडा, त्यावर जाळी, फायबर, वरून रंग. बाबांच्या मागे आम्ही दोघांनी चालवला. राबायचं दोघांनी, पण प्रत्येक प्राण्याखालच्या पितळी पट्टीवर नाव एकट्या दादाचं. माझंही टाक म्हटलं की म्हणायचा, बघू गं, घाई काय आहे.

या वेळी पाणी पिणारा जिराफ होता. तो अख्खा माझा. प्राणिसंग्रहालयात जाऊन मी खऱ्या जिराफासमोर तासन्‌तास उभी राहिले. मान एवढी लांब, पण पाय असे उंच, की बिचाऱ्याचं तोंड काही जमिनीला पोचत नाही. पुढचे पाय फाकवावे तेव्हा कुठे घोटभर पाणी मिळतं. मी तसेच फाकवले. पायांवरची कातडी घट्ट मोज्यासारखी ठेवली, कारण ती सैल असती तर एवढ्या उंचीवरून रक्त उतरून पाय सुजले असते. मानेत मणके सातच, तुमच्याआमच्या मानेत असतात तेवढेच, फक्त एकेक वीतभर लांब.

रंग तेवढा राहिला होता. दादा म्हणाला, तोंड बघ कसं सुकलंय, जा मावशीकडे, आठवडाभर आराम कर, रंगाचं मी बघतो. मला भरून आलं. आपली कोणाला तरी काळजी आहे, याचंच अप्रूप. गेले मी, वेडी.

परतले ती थेट उद्घाटनालाच. दालनात शिरले आणि पायांखालची जमीन सरकली. जिराफाचे पुढचे पाय सरळ, जुळवलेले, पोरं प्रार्थनेला उभी राहतात तसे. आणि तोंड तरीही पाण्यात! मान कापून मध्ये चांगला मोठा तुकडा घातला होता. संग्रहालयाच्या संचालिकाबाई कौतुकाने सांगत होत्या, फाकलेले पाय येण्याजाण्याच्या वाटेत येत होते, दिसायलाही बेंगरूळ. पण महिन्यापूर्वी दादांना सांगितलं आणि त्यांनी एका शब्दात ऐकलं. महिन्यापूर्वी. म्हणजे मावशीकडे मला त्यासाठीच पिटाळलं होतं. असला जिराफ जगात जन्मलेला नाही, आणि उद्यापासून शाळेतली पोरं हाच खरा समजणार.

मी दादाला कोपऱ्यात ओढलं. तो शांतपणे म्हणाला, "आधी पट्टी तर बघ."

पट्टीवर नाव माझं होतं. एकटीचं.

खोटं कशाला बोलू, क्षणभर हुरळले. मग आठवलं. लहानपणी यानेच मला कोडं घातलं होतं, सगळ्यात आखूड मान कोणाची? मी बेडूक म्हटलं. तर हा हसून म्हणाला, जिराफाची. पाण्याला पोचत नाही ती मान आखूडच. माझं जिराफाचं वेड तिथून सुरू झालं.

म्हणजे चूक त्याला पक्की ठाऊक होती. म्हणून तर स्वतःचं नाव काढून घेतलं.

"दादा, जिराफाची मान आखूड असते ना रे?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "असते," म्हणाला. "पण तुझं नाव तर लागलं."

तेवढ्यात संचालिकाबाईंनी माझं नाव पुकारलं. टाळ्या सुरू झाल्या. मी पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला आणि सगळ्यांसमोर पट्टीपाशी खाली बसले. स्क्रू मात्र दादाने चांगले घट्ट आवळले होते.