दहा वेढे आणि नव्वद अंडी

मी डोमाजीचा टोंग टेस्टर बोलतोय. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. खेकड्याच्या नांगीसारखा माझा जबडा, पोटावर काच आणि काचेमागे काटा. तार जबड्यात धरली की तिच्यातून किती करंट धावतोय ते मी सांगतो. खालच्या दोन भोकांत वायरी खोचल्या की व्होल्टेज सांगतो. बाकी काही येत नाही. पण येतं तेवढं खरं सांगतो. माणसांना तेवढंही जमत नाही.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही, आणि आठवून करायचं काय? डोमाजीनं मला आणलं तेव्हा त्याचे केस काळे होते. आर्णीत त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. शाळा चौथीतच सुटलेली, पण एक गोष्ट पक्की पाठ. व्होल्टला अँपियरनं भागलं की तारेचा अडथळा निघतो. तेच दोन आकडे गुणले की वॉट निघतात, म्हणजे ताकद. भागाकारात तारेचा स्वभाव, गुणाकारात तिचं काम. तार फोडायची नाही, कापायची नाही, आणि तिच्या आतलं सगळं बाहेर! इतकी वर्षं तेच करतोय, तरी दर वेळी थक्क होतो.

यंदा पौषात कोकिळाबाई दुकानात आली. महागावकडच्या खेड्यातली. बचत गटातल्या बायांची गावरान अंडी ती पेटीत उबवते. पेटीत एक गरम होणारी कॉईल आणि एक थर्मोस्टॅट, बस.

"काकाजी, दोन खेपा अंडे वाया गेले. सकाळी पेटी गरम राह्यते, दुपारी थंडी पडते. कॉईल पाहा बरं."

करंट फार कमी, म्हणून डोमाजीनं एकच तार माझ्या जबड्यातून दहादा फिरवली. दहा वेढे घेतले की काटा दहापट चढतो, मग दहानं भागायचं. दोन्ही तारा एकदम धरल्या तर जाणारा करंट आणि येणारा करंट एकमेकांना खाऊन टाकतात आणि मी शून्य दाखवतो. हेही एक नवलच. दोनशे तीस व्होल्ट, पॉईंट सत्त्याऐंशी अँपियर. भागून दोनशे चौसष्ट ओहम. गुणून दोनशे वॉट, कॉईलवर छापलेले तेवढेच.

"कॉईल ठणठणीत हाय. खोट तुह्या अंड्यात असन."

बाई ऐकेना. म्हणून दुसरी कॉईल दिली. दुपारी तीही तशीच थंड पडली. पंधरा दिवसांनी बाई पुन्हा दारात.

"चौदावा दिवस लागला, काकाजी. नव्वद अंडे हायेत. प्रत्येकीनं पेन्सिलीनं आपलं नाव घालून देल्लं. आता हे मेले तर गावात तोंड कसं दाखवू? तुम्ही चला, नाही तर तुमचा टेस्टर द्या!"

मला डोमाजी कोणाला देत नाही. म्हणून स्वतःच कुरकुरत निघाला.

दुपार होती. शेताशेतात पंप चालू होते. पेटीतलं थर्मामीटर पस्तीसच्या खाली उतरलेलं. कोकिळाबाईचे सासरे सदाशिवराव ओट्यावर बसून होते.

"या मिस्त्री. या पेटीपरीस खुडूक कोंबडी बरी. तिले कॉईल लागत नाही. हे खेप गेली का मी पेटीत तूर भरतो."

"मामाजी, तुम्ही चूप बसा जरासे," कोकिळाबाई म्हणाली.

डोमाजीनं व्होल्टेज पाहिलं. मी एकशे साठ दाखवले. त्यानं माझ्या काचेवर टिचकी मारली. मी एकशे साठच दाखवले. मग दहा वेढे घातले. काटा सहावर, म्हणजे पॉईंट सहा अँपियर. खडूनं पत्र्यावर भागाकार मांडला. दोनशे सदुसष्ट. तारेचा स्वभाव जिथल्या तिथं. मग गुणाकार मांडला. शहाण्णव.

खडू हातातच राहिला. "दोनशेचे शहाण्णव?"

दाब, म्हणजे व्होल्टेज, जेमतेम तिसऱ्या हिश्शानं उतरला होता, ताकद मात्र निम्म्याहून खाली. कारण दाब उतरला की करंटही त्याच्यासोबत उतरतो, आणि गुणाकारात दोघांची घट धरावी लागते. चाळीस वर्षं हा गुणाकार करणारा माणूस, आणि तो आज त्याला दिसला.

"पोरी, मी गाढव हाय. दुकानातल्या लाईनीवर तपासून तुह्या अंड्यात खोट काढली. खोट इथल्या लाईनीत हाय, दुपारी पंप व्होल्टेज ओढतात. दुपारी थंडी पडते, हे तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"मंग आता?"

"जुनी कॉईल फेकली का?"

फेकली नव्हती. त्यानं ती नवीच्या जोडीला लावली. काटा बारावर गेला. एकशे साठ गुणिले एक पॉईंट दोन, एकशे ब्याण्णव.

"अन् पंप बंद झाले तर? व्होल्टेज वाढन, अंडे उकडतीन ना!"

डोमाजीनं तिच्याकडे मान वर करून पाहिलं. "हे विचारायले डोकं लागते, माय." त्यानं थर्मोस्टॅटची चकती खाली फिरवून दाखवली. टक् करून कॉईली बंद. ऊब पुरी झाली की लाईन आपोआप तुटते. चकती पुन्हा साडेसदतीसवर ठेवली. जाताना मला तिथंच ठेवून गेला.

"एकविसावा दिवस होईस्तोवर हा तुह्याजवळ. रोज दुपारी काटा पाहत जा."

मग मी सात दिवस पेटीशेजारी काढले. ती काटा वाचायला शिकली, भागाकारही शिकली. एकविसाव्या दिवशी सकाळी आतून टिकटिक ऐकू आली. सदाशिवरावांनी पेटीला कान लावला.

"कोकिळा, आत कोणीतरी ठोकून राह्यलं वं!"

बाया जमल्या. कवच फुटलं की त्यावरचं नाव वाचून ओरडायच्या. नव्वदातली एकाहत्तर फुटली. तुरीला दुसरी जागा शोधावी लागली.

एवढंच सांगतो. एखादी वस्तू बिघडली म्हणण्याआधी ती जिथं राबते तिथं जाऊन मोजा. माणसालाही हेच लागू. माझी काच तडकलीय, जबड्याची स्प्रिंग ढिली झालीय, डोमाजी आता आकडे दाखवणारा नवा टेस्टर वापरतो. त्याचं मला दुःख नाही.

कोकिळाबाईनं एक ओलं पिल्लू माझ्या काचेशेजारी ठेवलं होतं. त्याची छाती धडधडत होती. ना तार, ना प्लग. माझा काटा शून्यावर होता, आणि ते पिल्लू दोन पायांवर उभं राहत होतं.