कडं हातातच होतं

चौगुले सरांनी चुंबकाचं बटण दाबलं आणि तराजूला टांगलेली काचेची नळी पुन्हा खाली ओढली गेली. आकडा वाढला.

"न्हाय पटत," सर म्हणाले.

पटण्यासारखं नव्हतंच. नळीत त्यांची विद्यार्थिनी विद्याश्री हिने बनवलेलं कोबाल्टचं केशरी संयुग होतं. त्या रंगावरून आतल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या लागल्या आहेत हे आकाराम चौगुले डोळे मिटून सांगत; रंग बघायला डोळे उघडे लागतात, ही गोष्ट वेगळी. जोडीत रमलेल्या इलेक्ट्रॉनाला चुंबकाचं सोयरसुतक नसतं. नळी उलट किंचित वर सरकते, वजन घटतं. एकटा कोणी उरला असेल तरच चुंबक ओढून घेतो. इथे रंग एक सांगत होता, तराजू दुसरंच, आणि दोघांच्या भांडणात विद्याश्रीचा प्रबंध अडकला होता.

शेवटी सर शेजारच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. विद्याश्री दगडी खलात पूड घोटत होती आणि तिच्या मनगटातलं कडं खलाच्या काठावर आपटत होतं. सरांनी चिमूटभर पूड कागदावर घेतली, खालून लोहचुंबक फिरवला. केशरी पुडीत दोनचार काळे कण उभे राहिले.

"लोखंडाचं हाय नव्हं ते?"

"व्हय सर. आत्याबाईंनी घालायला लावलंय. ह्यांनी शिरोलीच्या कारखान्यात लेथवर कातून आणलं." तिने बत्ता खाली ठेवला. "आधीची दोन पोटातच गेली, सर. हे तिसरं."

"तू मानतीस असलं?"

"न्हाय मानत. पण काढणार पण न्हाय."

चौगुले सर अंधश्रद्धेवर बोलायला लागले की कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू जाई. त्या दिवशी मात्र त्यांनी खल उचलला. "उद्यापास्नं पूड मी करणार. तू लांब बसून आकडे लिहून घे."

निवृत्तीला आलेला माणूस रोज सकाळी पूड घोटायला बसू लागला. सहकारी दारातून विचारत, "काय सर, चटणी वाटताय काय?"

"व्हय, जेवायला या की," सर ओरडत.

आकडे सरळ येऊ लागले. रंग आणि तराजू एकमेकांशी बोलू लागले. विद्याश्री खिडकीपाशी बसून आकडे लिही. एक हात वहीवर, दुसरा पोटावर. सरांना ते दिसे आणि बरं वाटे. इतकं बरं त्यांना स्वतःच्या प्रबंधाच्या वेळीही वाटलं नव्हतं.

मग ती आठवडाभर आली नाही. आली तेव्हा मनगट मोकळं होतं. सरांचा हात खलात थांबला.

"पाचवा महिना लागला हुता," ती म्हणाली. "आत्याबाई म्हणत्यात, प्रयोगाच्या पायी मी कडं काढून ठेवत हुते. मी एकदा पण काढलं न्हाय, सर. ह्यांचा पण माझ्यावर विश्वास बसंना. तुम्ही घरी येऊन सांगाल?"

उचगावच्या घरात आत्याबाईंनी, म्हणजे विद्याश्रीच्या सासू शांतादेवींनी, खुर्ची पुढे केली, चहा ठेवला. विद्याश्रीचा नवरा मल्लिकार्जुन भिंतीला टेकून खाली बघत राहिला. सरांच्या मनात सगळं तयार होतं: लोखंड म्हणजे काय, ते कशाला ओढतं आणि कशाला नाही. आतल्या दाराशी विद्याश्री उभी होती. तिच्याकडे बघितल्यावर त्यातलं काहीच सांगावंसं वाटेना.

"बाई, कडं हातातच हुतं," ते म्हणाले. "पयल्या दिवसापास्नं. त्यापायी पूड नासायची, म्हणून माझ्या हातानं घोटली मी. तिनं एकदा पण काढलं न्हाय. मी साक्षीला हाय."

मल्लिकार्जुनने मान वर करून बायकोकडे पाहिलं. शांतादेवींचा चेहरा हळूहळू मोडला. इतके दिवस त्यांना रागाचा आधार होता, तोही गेला. त्या पदर तोंडाशी धरून रडू लागल्या, आणि रडता रडता त्यांनी सरांना, शिकलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलं,

"मग कशानं गेलं वो?"