ग्रुपवर टाकलं होतं

"रशीदभाई, राग मानू नका. तुमास्नीच तरास नको म्हणून काढलंय," तालमीच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन उदयसिंह फोनवर सांगत होता. "वातावरण निवळलं की परत घेतो की."

मोटारीचं वायंडिंग करता करता रशीद "बरं" म्हणाला. आयुष्यभर तो हेच म्हणत आला होता.

घडलं होतं एवढंच. आदर्शने सकाळी ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला, की 'त्यांच्या' दुकानाची पायरी चढू नका. खाली अंगठ्यांची रांग लागली. रशीदने लिहिलं, 'आदर्श, हे काढ. मी पण इथंच आहे.' मग दुपारपर्यंत जुंपली. शेवटी भांडण मिटलं ते असं, की व्हिडिओ राहिला आणि रशीद गेला. याला समजूतदारपणा म्हणायचं!

पेठ सोडून उपनगरात गेल्यापासून तालमीशी त्याचा संबंध उरला होता तो या ग्रुपपुरताच. तालमीत गणपती आणि मोहरमचे पंजे एकाच खोलीत बसायचे. गणपतीची लायटिंग रशीदची, पंजाला पहिला हार तालमीतल्या वडीलधाऱ्या आण्णांचा. आदर्श या आण्णांचाच नातू. आण्णांकडे मोबाइल नव्हता, त्यामुळे नातवाचे प्रताप त्यांच्यापर्यंत पोचले नसणार. आपण नुसतं कानावर घातलं तरी म्हातारा पोराला फैलावर घेईल आणि आपल्याला परत आत घ्यायला लावेल, याची रशीदला खात्री होती. पण रागाच्या भरात जायला नको म्हणून त्याने महिना जाऊ दिला. सगळ्यांचं मन सांभाळायची खोड, दुसरं काय.

महिन्याने गेला, तर सोप्यात आण्णांच्या फोटोला हार.

आण्णांच्या बायकोने, आक्कांनी, त्याच्याकडे नीट बघितलंही नाही.

"उत्तरकार्य बी उरकलं," त्या म्हणाल्या. "ग्रुपवर टाकलं हुतं की. शिरोळची पावणी आली, हुपरीची आली. तू न्हाई आलास."

दाराशी आदर्श उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. रशीदला एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. ते जिभेवर आलंही होतं. पण महिन्याच्या आत नवरा गेलेल्या बाईला नातवाचं हे ऐकवायचं?

"चुकलं, आक्का," तो म्हणाला. "मी मोबाइल बघितलाच न्हाई."

आदर्शने सुटकेचा निःश्वास सोडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा रशीदला त्या पोराची किळस आली.

तो बराच वेळ बसला. त्या घरातून चहा घेतल्याशिवाय त्याला आजवर कुणी उठू दिलं नव्हतं. तो उठला, तेव्हा आक्कांनी चहाचं विचारलंही नाही.