चौदाचा पाना

"डोळे मीट," मामंजी म्हणाले. "आणि तोंडही. मघापासून भंगारवाल्याशी गप्पा चालल्यात तुझ्या."

गप्पा मी मारत नव्हते, भंगारवालाच मारत होता. अख्ख्या बाजारात त्याचं नाव बडबड्या पडलं होतं ते काही उगाच नाही. पण मामंजींशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी डोळे मिटले. त्यांनी माझ्या हातात एक रिंग पाना दिला. थंड, तेलकट, कुणीतरी वर्षानुवर्षं वापरलेला. मी त्याच्या कड्यात बोट घातलं, ते कुठवर आत जातंय त्याचा अंदाज घेतला.

"किती?"

"तेरा."

त्यांनी पाना काढून घेतला. कड्यात स्वतःचं बोट फिरवलं आणि तो आमच्या पिशवीत टाकला. मग म्हणाले, "चौदा. पुन्हा."

आज तरी चुकायचं नाही असं ठरवून मी घरून निघाले होते. दुसऱ्या दिवसापासून मला गॅरेजात मेकॅनिक म्हणून उभं राहायचं होतं. इतके दिवस मी तिथे सुटे भाग धुवायचे. रॉकेलच्या ट्रेमध्ये हात बुडवून दिवस काढायचा आणि रात्री जेवताना घासालाही रॉकेलचा वास. पण धुता धुता मी बघत होते आणि मालक मला बघताना बघत होता. एक दिवस म्हणाला, "वहिनी, काम येतंय तुम्हाला. स्वतःची पेटी घेऊन या, गाडी देतो. पण पेटी पाहिजे. माझ्याकडे कुणी कुणाचा पाना मागत नाही." मालक मामंजींच्याच हाताखाली तयार झालेला. हा नियमही त्याला मामंजींनीच लावलेला, त्यामुळे घरी येऊन तक्रार करायची सोय नव्हती.

खरं तर घरात एक पेटी होती. मामंजींची. माझ्या नवऱ्याने दुरुस्तीचं काम नको म्हटलं, गाडी चालवायचं धरलं, तेव्हा एकदा जेवताना तो सहज बोलून गेला, "बाबा, हे लोखंड आता कोण उचलणार?" मामंजींनी पान संपवलं, हात धुतले. दुसऱ्या दिवशी हातगाडी बोलावली आणि जन्मभराची अवजारं पेटीसकट विकून मोकळे झाले. पुढे नवरा साध्या तापाने गेला. घरात एक सासरा आणि एक सून उरली आणि एकमेकांशी काय बोलायचं ते दोघांनाही कळेना. आम्ही भांड्यांचे आवाज ऐकत बसायचो. शेवटी एका दुपारी मी म्हटलं, "मामंजी, मला शिकवा." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हात दाखव."

तेव्हापासून रोज संध्याकाळी समोर ताटलीभर नट. डोळे मिटायचे, दोन बोटांत नट धरायचा, आकडा सांगायचा. "नंबर वाचून पाना उचलतो तो गिऱ्हाईक," ते म्हणायचे. "पाना वापरून वापरून झिजतो, तोंड फाकतं, तरी अंगावर नंबर आपला तोच. नंबर खोटं बोलतो गं. बोट नाही बोलत." पहिल्या वर्षातच माझी बोटं तयार झाली. मामंजी शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे, मी डोळे मिटून दहा, बारा, सतरा सांगायचे, आणि मला बऱ्याच दिवसांनी आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

गेल्या काही महिन्यांत मात्र काहीतरी बिघडलं होतं. मी बारा म्हणावं तर मामंजी नट चाचपून "तेरा" म्हणायचे. सतरा म्हणावं तर ते "सोळा. लक्ष कुठंय?" म्हणायचे. मोरीत जाऊन मी बोटं गरम पाण्यात धरून बसायचे. रॉकेलने जाड झाली असतील म्हणून तेल चोळायचे. उद्या गॅरेजात चार माणसांसमोर फजिती होणार आणि मामंजींची मान खाली जाणार, या धास्तीने माझी झोप उडाली होती.

"पुन्हा," मामंजी म्हणाले आणि दुसरा पाना शोधायला ढिगाकडे वळले. मी डोळे उघडले. तेरा म्हणून चुकलेला तो पाना पिशवीत वरच पडला होता. दांडीवर स्पष्ट छाप होता: तेरा.

तोंड फाकलं असेल, मी मनाशी म्हटलं. मामंजी चुकले असतील हे मला सुचलंच नाही. भंगारवाल्याच्या गल्ल्याशेजारी नव्या नटांची पाकिटं होती, वर आकडे छापलेली. मी तेराचा एक नट काढला आणि कड्यात घातला. टक्क बसला. हलवून पाहिला, हलेना.

मग मी पिशवीतला आणखी एक पाना काढला. मी बारा म्हटलं होतं, मामंजींनी अकरा ठरवला होता. बाराच होता.

ताटलीतले ते सगळे नट आठवले. त्या सगळ्या संध्याकाळी मी बरोबर होते. आणि मागच्याच महिन्यात मामंजींनी चुलीवरचं चहाचं पातेलं नुसत्या हाताने उतरवलं होतं. मी ओरडले तर म्हणाले, "मिस्त्रीचे हात आहेत, भाजत नाहीत." दुसऱ्या दिवशी बोटांवर टरारून फोड आले होते. साखरेच्या दुखण्यासाठी डॉक्टर दर वेळी त्यांच्या पायाच्या तळव्यांना टाचणी टोचून विचारायचे, कळतंय का? हाताच्या बोटांचं कुणी विचारलं नव्हतं, आणि आपण होऊन सांगतील तर ते मामंजी कसले.

बडबड्याने माझ्या हातातला नट पाहिला. पिशवीतले पाने पाहिले. त्याचं तोंड उघडलं. "मिस्त्री, अहो हे..."

मी हात जोडले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मामंजींच्या पाठीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. बडबड्या गप्प बसलेला त्या दिवशी बाजाराने पहिल्यांदा पाहिला असेल.

मामंजी रंगात आले होते. "पहिली पेटी लहान असावी," ते ढीग उपसता उपसता सांगत होते. "रिंग पाने, दुतोंडी पाने, एक पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, हातोडी. रोज लागतं तेवढंच. पुढचं काय घ्यायचं ते काम सांगतं. हौशी लोक आधीच दुकान भरतात आणि मग दहाचा पाना शोधत फिरतात." पक्कड त्यांनी उघडझाप करून कानाशी धरली, हातोडीचा दांडा आपटून ऐकला. त्यात ते अजिबात चुकले नाहीत. पाने मात्र एकेक करून बोटावर घेत होते, मोठ्याने आकडा सांगत होते आणि मागे बडबड्या मुकाट्याने पिशवीतला चुकीचा काढून बरोबरचा घालत होता.

मग त्यांनी ढिगातून एक पाना उचलला. कड्यात बोट घातलं, दांडी चाचपली, तोंड वाकडं केलं. "हा नको. कुणीतरी पिळून पिळून मारलाय याला." आणि बाजूला भिरकावला.

तो माझ्या पायाशी येऊन पडला. दांडीवर, मानेजवळ, दोन तिरक्या खाचा आणि त्यांच्यावर एक आडवी.

ही खूण मी ओळखणार नाही तर कोण? आमच्या घरात ती सुरीच्या मुठीवर आहे, छत्रीच्या दांड्यावर आहे, माझ्या नवऱ्याच्या शाळेच्या डब्यावर आहे. गॅरेजात कुठली अवजारं कुणाची ते कळावं म्हणून प्रत्येक मेकॅनिक कानशीने आपली खूण पाडतो. मामंजींना तेवढ्यावर भागत नसे. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या ट्रंकेच्या कडीवरही त्यांनी ती कोरली, आणि मी नवऱ्याला म्हटलं होतं, आता माझ्या कपाळावर कधी कोरतात बघ. नवरा केवढा हसला होता.

जन्मभर त्या माणसाने हा पाना हातात धरला होता. तो परत हातात आला आणि त्यांनी फेकून दिला. मी खाली वाकले, चपलेचा बंद लावल्यासारखं केलं आणि पाना पदराखाली घेतला. मला तिथेच बसून रडावंसं वाटत होतं. पैसे किती म्हणून बडबड्याकडे पाहिलं तर त्याने नको म्हणून नुसती मान हलवली.

घरी आल्यावर मी तो जुना पाना फडक्यात गुंडाळून बाजारातून आणलेल्या पेटीच्या तळाशी ठेवला. त्यांना सांगायचं नाही, एवढंच ठरलं होतं. उन्हं कलल्यावर मामंजी तिकोनी कानस घेऊन पायरीवर बसले.

"तुझी खूण सांग."

"तुमचीच घाला की."

"माझी कशी? दुसऱ्याच्या खुणेनं पाना आपला होत नाही."

मी विचार केला आणि एकच सरळ खाच सांगितली. "आळशी," ते म्हणाले, पण खूश दिसले. मी एकेक पाना धरत होते, ते मानेजवळ कानस टेकवून ओढत होते. कानस धरायला बोटांची टोकं लागत नाहीत, मनगट लागतं, आणि मनगट अजून त्यांचंच होतं. प्रत्येक खाच अगदी एका जागी पडत होती. आत दूध उतू जाण्याचा वास आला म्हणून मी उठले.

परत आले तेव्हा कानशीचा आवाज थांबला होता. फडकं पायरीवर पडलं होतं. मामंजींच्या मांडीवर तळाशी ठेवलेला तो जुना पाना होता आणि कानस त्याच्या मानेजवळच्या खाचेत जाऊन बसली होती. त्यांनी नेहमीच्या जागी टेकवली असणार आणि ती आपली आपण तिथे शिरली असणार. त्यांनी पाना वर धरून उजेडात पाहिला. मग जवळ घेतला. मग पुन्हा लांब.

"हा कुठला?"

"बाजारातला. ढिगात होता."

"मी हातात घेतला होता का गं हा?"

"नाही," मी म्हटलं. "अगदी तळाशी होता. तुम्ही चहा घ्यायला गेलात तेव्हा भंगारवाल्यानं काढून दिला."

आम्ही बाजारात चहा घेतला नव्हता. ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कड्यात बोट घातलं, काढलं, अंगठा खाचांवरून फिरवला, बोटांची टोकं एकमेकांवर घासली. दुसऱ्याच कुणाचे तरी हात असावेत तसे ते आपल्या हातांकडे पाहत होते.

"सकाळी तेरा म्हणत होतीस तू."

"हो."

"तेराच असेल."

मी पायरीवरचं फडकं उचलून त्यांच्यापुढे धरलं.

"आणि ताटलीत? ते पण?"

"कधी कधी," मी म्हटलं. "माझंही चुकायचं."

"नाही चुकायचं," ते म्हणाले. "मी तयार केलीत ती बोटं. मला ठाऊक नाही होय?" त्यांनी माझी खाच त्यांच्या खुणेशेजारी पाडली, पाना फडक्याने पुसला आणि पेटीत सगळ्यांच्या वर ठेवला. उठता उठता माझ्याकडे न बघता म्हणाले, "तरी उद्यापासून नंबर वाचून पाना घेत जा. बोटांचं काही खरं नसतं."

शिकवणाऱ्याने पेटी आत नेऊन ठेवायची, अशी आमच्या गॅरेजची रीत आहे. सकाळी मामंजींनी धुतलेला शर्ट घातला, पेटी उचलली आणि मला हात लावू दिला नाही. निघताना कडी बोटांत नीट बसलीय का ते त्यांनी वाकून डोळ्यांनी पाहून घेतलं. वाटेत दोनदा थांबले, दोनदा पुन्हा वाकून पाहिलं. गॅरेजच्या दारात मालक धावत आला. "मिस्त्री, या, आत या. खुर्ची आण रे कुणीतरी."

"नको बाबा," मामंजी म्हणाले. "शर्ट धुतलाय सुनेनं. तेल लागलं तर ओरडेल." सगळे हसले. त्यांनी पेटी उंबऱ्याच्या बाहेरच खाली ठेवली, सरळ केली. मला म्हणाले, "आतलं तू ने." आणि वळले. मी हाक मारीपर्यंत ते कोपऱ्यापलीकडे गेले होते.

मालकाने मला ब्रेकचं काम असलेली एक जुनी गाडी दिली. शेजारचे दोघं हातातलं काम थांबवून बघत होते. मी चाक काढलं, आत बोल्टचं डोकं चिमटीत धरलं. पेटी उघडली. वरच मामंजींचा पाना होता. नंबर वाचून घे म्हणाले होते म्हणून मी तो उजेडात धरला. दांडीवरचा आकडा केव्हाच झिजून गेला होता. नुसतं गुळगुळीत लोखंड आणि त्या खाचा.

मी डोळे मिटले आणि कड्यात बोट घातलं.

"चौदा," मी पुटपुटले.

थोडा वेळ तशीच थांबले. "पुन्हा" म्हणायला कुणी नव्हतं. मी पाना बोल्टवर चढवला. तो टक्क बसला.